न्याहारीला मटकीची उसळ

सोमवारी पोहे, मंगळवारी उपमा, बुधवारी पुन्हा पोहे, आणि उठायला उशीर झाला त्या दिवशी चहा-बिस्कीट नाहीतर चहा-पाव. बहुतेक घरांतला न्याहारीचा आठवडा असाच जातो. पोहे वाईट असं मी म्हणणार नाही. कांदेपोह्यांवर ओलं खोबरं आणि लिंबू असलं की मलाही दुसरी बशी लागते. पण सकाळी आठला पोहे खाऊन गेलेलं मूल दहाच्या सुट्टीत "भूक लागली" म्हणून डबा उघडतं, हेही तितकंच खरं आहे. पोहे, रवा, पाव, साबुदाणा या सगळ्यांत मुख्यत: पिष्टच. पोट भरतं आणि लवकर रिकामं होतं.

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये तीन पत्रं एकाच विषयावर निघाली, म्हणून हा अंक उसळीला दिला आहे. एका भगिनीने लिहिलं आहे की त्यांच्या मटकीला मोड सुरेख येतात, पण उसळ केली की तिचा गाळ होतो. दुसरीच्या घरी बोअरचं पाणी आहे. वाटाणे, छोले कितीही शिट्ट्या दिल्या तरी दाताखाली टणक लागतात. तिसरीची अडचण स्वयंपाकाची नाहीच, माणसांची आहे. तिच्या सासूबाई म्हणतात, "सकाळी सकाळी उसळ? जड होते. दिवसभर पोट धरून बसाल." तिन्ही पत्रांना उत्तरं आहेत, आणि तिसऱ्यातही सासूबाईंचं अगदीच चुकतंय असं नाही.

आधी हे सांगते की सकाळच्या घाईला सगळी कडधान्यं सारखी नाहीत. छोले, राजमा, पांढरे वाटाणे हे मोठे दाणे. त्यांना रात्रभर भिजणं आणि कुकर दोन्ही हवं. वालाची गोष्ट तर सोडूनच द्या. कडव्या वालांना मोड आणून, कोमट पाण्यात टाकून, एकेक दाणा सोलायचा हे रविवारी दुपारी दोघीतिघी गप्पा मारत बसलात तर करायचं काम. ज्या घरी सोलणारे हात आहेत त्या घरच्या बिरड्याला तोड नाही, पण ते न्याहारीचं खाणं नव्हे. सकाळसाठी खरी सोयीची दोनच: मूग आणि मटकी. मूग पचायला हलका, म्हणून लहान मुलं, आजारातून उठलेली माणसं आणि वयस्कर मंडळी यांच्यासाठी मूग. चवीला मात्र मटकी. ती शिजली तरी आपला आकार सोडत नाही, मसाला अंगात मुरवून घेते, आणि कमी पाण्यावर येणारं कोरडवाहू पीक असल्यामुळे आपल्याकडच्या बाजारात सहज मिळते. शंभर ग्रॅम कोरड्या मटकीत वीस ते तेवीस ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच पोह्यांत सातच्या आसपास. शिवाय तांदूळ-गव्हाच्या प्रथिनांत लायसिन नावाचा जो घटक कमी पडतो तो कडधान्यांत भरपूर असतो, आणि कडधान्यांत जे कमी असतं ते धान्यांत असतं. म्हणून उसळ एकटी न खाता पोळी, भाकरी, पाव, पोहे यांच्याबरोबर खाण्याची आपली रीत आहे, ती अगदी योग्य आहे.

आता वेळेचं गणित. उसळ सकाळी होत नाही ती स्वयंपाकाला वेळ लागतो म्हणून नव्हे, तर आठवण राहत नाही म्हणून. गुरुवारी सकाळी उसळ हवी असेल तर मंगळवारी रात्री, ओटा पुसण्याआधी, मटकी निवडून दोनतीन पाण्यांत धुऊन चौपट पाण्यात भिजत घालायची. बुधवारी सकाळी ते पाणी ओतून टाकायचं, मटकी पुन्हा एकदा धुऊन निथळायची आणि ओल्या पातळ फडक्यात पुरचुंडी बांधून चाळणीत ठेवायची. चाळणी अशासाठी की खालून हवा लागते आणि उरलंसुरलं पाणी निघून जातं. वर एक ताट झाकायचं. गुरुवारी सकाळी मोड तयार. हिवाळ्यात मोड रेंगाळतात, तेव्हा पुरचुंडी बंद कपाटात किंवा गरम पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवावी. एप्रिल-मेमध्ये मात्र हे वेळापत्रक चालत नाही. बुधवारी संध्याकाळीच मोड बोटभर होतील. त्या दिवसांत बुधवारी सकाळी भिजत घालून संध्याकाळी बांधली तरी गुरुवारच्या न्याहारीला मटकी हजर. मोड दाण्याच्या लांबीइतका आला की पुरे. लांब मोड दिसायला हौशीचे, पण ते एकमेकांत गुंततात, परतताना तुटतात आणि खाताना दोऱ्यासारखे लागतात.

एक वाटी कोरड्या मटकीची मोड आल्यावर अडीच ते तीन वाट्या होते. चार माणसांना पावाबरोबर किंवा पोळीबरोबर तेवढी पुरते. ही धुण्या-बांधण्याची कामं तुम्हीच केली पाहिजेत असंही काही नाही. पुरचुंडी बांधायला बी.ए. व्हावं लागत नाही. घरातल्या दहा वर्षांच्या मुलावर हे काम सोपवा. मोड फुटलेले पाहायला मुलांना आवडतं, आणि स्वत: बांधलेल्या मटकीची उसळ ती नाक न मुरडता खातात.

भिजल्यावर एक गोष्ट अवश्य करावी. मटकीत काही दाणे असे निघतात की ते पाणी पीतच नाहीत. त्यांना गणंग म्हणतात. ते ना भिजत, ना मोड धरत, ना शिजत, आणि नेमके दाढेखाली येतात. भिजलेली मटकी टपोरी होते, गणंग तेवढेच बारीक राहतात. म्हणून जरा मोठ्या भोकाच्या चाळणीत भिजलेली मटकी घालून पाण्याखाली हलवली की बरेचसे गणंग खाली पडतात. उरलेले मोड आल्यावर हाताने वेचता येतात.

आता पहिल्या पत्राचं उत्तर. तुमच्या उसळीचा गाळ होतो तो कुकरमुळे. मोड आलेल्या मटकीला कुकरची गरजच नसते. मोड येताना दाणा आतून मऊ व्हायला लागलेला असतो; त्यावर शिट्टीचा दाब पडला की साल एकीकडे आणि गर एकीकडे. जाड बुडाच्या पातेल्यात किंवा कढईत, वर खोलगट झाकण ठेवून त्या झाकणात पाणी घालून, मंद आचेवर मटकी दहा-बारा मिनिटांत शिजते, मूग त्याहूनही लवकर. झाकणातलं ते पाणी दोन कामं करतं. आतली वाफ झाकणाला लागून थंड होते आणि थेंब होऊन परत उसळीत पडते, त्यामुळे तळाला लागत नाही. आणि उसळ कोरडी पडू लागलीच तर वरचं तेच गरम पाणी आत घालता येतं. थंड पाणी मध्येच घालू नये. उकळी मोडते आणि काही दाणे अर्धवट राहतात. आणि डावाने सारखं ढवळत बसू नका. दोनदा पातेलं आसडलं की झालं.

दुसऱ्या पत्रातली बोअरच्या पाण्याची तक्रार खरी आहे, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. जड पाण्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. दाण्याच्या पेशी एकमेकींना जो चिकट पदार्थ धरून ठेवतो, त्याच्याशी हे क्षार जोडले जातात आणि तो आणखी पक्का होतो. मग कितीही शिजवा, पेशी सुट्या होत नाहीत, दाणा टणक तो टणक. यावर सोपा उपाय म्हणजे भिजवायला आणि शिजवायला दोन्हीला पिण्याचं गाळलेलं पाणी वापरायचं. ते नसेल तर बोअरचं पाणी आधी खळखळ उकळून निवू द्यावं. बराचसा क्षार पांढरा साका होऊन खाली बसतो, वरचं निवळ पाणी अलगद ओतून घ्यावं. नुसत्या शिजवण्याच्या पाण्याकडे लक्ष देऊन भागत नाही, भिजवण्याचं पाणीही तसंच हवं, हे पुष्कळजणी विसरतात.

याच बाबतीत मिठाची गोष्ट सांगितली पाहिजे. "मीठ आधी घातलंस तर शिजणार नाही हं" असं आपण सगळ्यांनीच ऐकलंय. मीठ त्यात नाहक बदनाम झालं आहे. वाटाणे, छोले, राजमा भिजवताना लिटरभर पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ घातलं तर उलट साल लवकर मऊ होते, कारण मिठातलं सोडियम त्या चुन्याची जागा घेतं. भिजवलेलं पाणी टाकून दिलं की खारटपणाही राहत नाही. फक्त ज्यांना मोड आणायचे त्यांना भिजवताना मीठ घालू नये, मोड धरत नाहीत. खरा गुन्हेगार आहे तो आंबटपणा. चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक यांपैकी काहीही दाणा कच्चा असताना पडलं की तो तिथेच अडून बसतो. म्हणून आंबट नेहमी दाणा बोटाने चेपला गेल्यावरच. गुळाचंही तसंच, तोही शेवटी.

आणि सोडा? चिमूटभर सोड्याने छोले लोण्यासारखे होतात हे खरं, पण ब-१ जीवनसत्त्व त्यात नष्ट होतं आणि जरा हात सैल पडला तर उसळीला साबणासारखी चव येते. अगदी जुने, हट्टी छोले असतील तर एखाद् वेळी घाला. मटकीला आणि मुगाला कधीही नाही. जुने म्हणते ते याच्यासाठी की उष्ण, दमट जागी ठेवलेलं कडधान्य महिन्यागणिक टणक होत जातं, आणि तो टणकपणा मग भिजवून पुरता जात नाही. पूर्वी वर्षाची बेगमी करत, तेव्हा घरं मोठी होती, कणग्या-डबे होते, खाणारी माणसंही तेवढी होती. फ्लॅटमध्ये पाच किलो वाटाणे भरून ठेवण्यात काही शहाणपण नाही. मटकी खरिपाचं पीक. दिवाळीच्या सुमारास नवी बाजारात येते. तेव्हा घ्यावी, दोनतीन महिन्यांपुरतीच, आणि उन्हं दाखवून कोरड्या डब्यात भरावी.

आता कृती.

साहित्य : मोड आलेली मटकी अडीच-तीन वाट्या, दोन मध्यम कांदे, आल्याचा इंचभर तुकडा, पाच-सहा लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, कढीलिंबाची आठ-दहा पाने, अर्धा चमचा मोहरी, अर्धा चमचा जिरे, पाव चमचा हिंग, अर्धा चमचा हळद, एक चमचा लाल तिखट, दीड चमचा गोडा मसाला, तीन-चार आमसुले किंवा एक लहान टोमॅटो, सुपारीएवढा गूळ, दोन मोठे चमचे तेल, चवीप्रमाणे मीठ, मूठभर कोथिंबीर, दोन चमचे ओले खोबरे आणि एक लिंबू. चमचा म्हणजे चहाचा.

कृती : आले, लसूण, मिरची जाडसर ठेचून घ्यावी. पातेल्यात तेल तापवून मोहरी घालावी. ती तडतडली की जिरे, हिंग, कढीलिंब आणि मग ठेचा घालून कच्चा वास जाईपर्यंत परतावे. बारीक चिरलेला कांदा घालून तो गुलाबीसर होऊ द्यावा, काळपट नको. हळद, तिखट घालून लगेच मटकी घालावी; तिखट तेलात जास्त वेळ राहिले तर जळते आणि उसळीचा रंग जातो. मटकी दोनतीन मिनिटे हलक्या हाताने परतावी. दीड वाटी आधणाचे पाणी घालावे, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटे शिजू द्यावे. एक दाणा बोटाने दाबून पाहावा. तो चेपला गेला पण फुटून पसरला नाही म्हणजे वेळ आली. आता मीठ, आमसुले किंवा बारीक चिरलेला टोमॅटो, गूळ आणि गोडा मसाला घालून आणखी तीनचार मिनिटे वाफ द्यावी. गॅस बंद करून पाच मिनिटे झाकण काढू नये. वाढताना खोबरे, कोथिंबीर आणि लिंबाची फोड.

पोळीबरोबर हवी असेल तर एवढीच अंगाबरोबर ठेवावी. पावाबरोबर हवी असेल तर पाणी वाटीभर जास्त घ्यावे आणि डावभर शिजलेली मटकी पातेल्याच्या कडेला चेपून रश्शात मिसळावी. रसाला दाटपणा येतो, वाटण लागत नाही. मुलांच्या डब्यात द्यायची तर पूर्ण आटवून कोरडी करावी, म्हणजे दप्तरात ओघळ येत नाहीत.

सकाळची वीस मिनिटंही जड वाटत असतील तर फोडणी रात्रीच करून ठेवा. रात्रीच्या भाजीसाठी कांदा परततोच आपण, त्यातच दोन कांदे जास्तीचे परतून वाटीत काढून फ्रीजमध्ये ठेवले की सकाळी फक्त मटकी आणि पाणी. कच्चा कांदा चिरून मात्र ठेवू नये, उग्र वास येतो. मोड आलेली मटकी फ्रीजमध्ये झाकून दोनतीन दिवस चांगली राहते, त्यामुळे एकदा दोन वाट्या भिजवून आठवड्यात दोनदा उसळ करता येते.

हीच मटकी पाच घरांत पाच चवींची होते. गोडा मसाला-आमसूल-गूळ ही ब्राह्मणी वळणाची उसळ झाली. कोल्हापूरकडे कांदा-लसूण मसाला पडला की गूळ आपोआप बाद होतो. खानदेशात काळा मसाला आणि भाजलेलं सुकं खोबरं. नागपूरकडे मटकीऐवजी हरभऱ्यांचा झणझणीत रस्सा पोह्यांवर ओततात. तर्री-पोहे म्हणतात ते हेच. पोह्यांना कडधान्याची जोड देण्याची याहून सोपी युक्ती मला तरी माहीत नाही. तुम्हाला पोहेच हवेत ना? मग घ्या, पण असे. गोव्यात सकाळच्या भाजी-पावाची पातळ भाजी पुष्कळदा सुक्या वाटाण्यांची असते, नारळाचं वाटण घातलेली, आणि बरोबर ताजा पाव. मिसळ हा या सगळ्यांचा थाटामाटाचा अवतार. पुण्याकडे तीत पोहे येतात, नाशिकला काळा मसाला आणि भाजलेला पापड, कोल्हापूरला पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस. ती मी रोजच्यासाठी मुद्दाम सांगत नाही. वर तेलाचा तवंग आणि फरसाण आलं की कडधान्य खाल्ल्याचं पुण्य निम्मं तिथेच संपतं. महिन्यातून एखादा रविवार ठीक आहे.

आता सासूबाईंकडे वळू. कडधान्यांत काही शर्करा अशा असतात की त्या पचवणारं पाचक द्रव्य माणसाच्या आतड्यात नसतं. त्या न पचता मोठ्या आतड्यात जातात, तिथले जंतू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू होतो. तेव्हा वाताची तक्रार काल्पनिक नाही. पण भिजवल्याने, ते पाणी ओतून दिल्याने आणि मोड आणल्याने या शर्करा बऱ्याच कमी होतात. म्हणजे न भिजवता कुकरात शिजवलेले हरभरे आणि मोडाची मटकी यांत फरक आहे. हिंग आणि आलं फोडणीत असतंच. ज्या घरात उसळीची सवय नाही तिथे पहिल्याच दिवशी भांडंभर करू नका. आठवड्यातून एकदा, मुगाची, माणशी अर्धी वाटी अशी सुरुवात करा. पोटालाही सवय लागते. सासूबाईंना मऊ शिजवलेली मुगाची उसळ, तिखट कमी करून वेगळी काढून द्या. त्यांनाही माणशी सहा-सात ग्रॅम प्रथिनं या एका वाटीतून मिळतात, आणि उतारवयात, जेवण कमी झालेलं असताना, त्यांची गरज आपल्याहून कमी नसते. मात्र ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे किंवा वाढलेल्या युरिक ॲसिडचा त्रास आहे, त्यांचं पथ्य डॉक्टरांनी सांगितलं असेल तसंच पाळावं. तिथे माझी उसळ मध्ये आणू नये.

"पण मोड कच्चेच खावेत ना, पौष्टिक असतात," असं आता पुष्कळजणी सांगतात. मोड येताना क जीवनसत्त्व तयार होतं, जे कोरड्या दाण्यात जवळजवळ नसतं, आणि शिजवताना त्यातलं काही जातं, एवढं खरं. पण ज्या उबेत आणि ओलाव्यात मोड फुटतो त्याच उबेत जंतूही वाढतात. २०११ साली जर्मनीत कच्च्या मोडांतून पसरलेल्या जंतुसंसर्गात पन्नासहून अधिक माणसं दगावली; त्याचं मूळ मेथीच्या मोडांपर्यंत पोचलं होतं. तेव्हा गरोदर बाई, लहान मुलं, म्हातारी माणसं यांना कच्चे मोड देऊ नयेत, निदान चांगली वाफ काढावी. गेलेलं क जीवनसत्त्व वरून लिंबू पिळून परत आणता येतं. राजम्याबद्दलही एक सूचना इथेच देते. राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते खळखळ उकळल्यावरच नाहीसं होतं. नीट भिजवून, पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं चांगली उकळी किंवा कुकर हवाच. मंद शेगडीवर कोमट-कोमट शिजवलेला अर्धकच्चा राजमा उलट्या-जुलाबाला आमंत्रण.

आता जे सांगायचं ते जरा स्पष्ट सांगते. आपल्या देशात २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दर दोघींत एकीपेक्षा जास्त. या पानाच्या वाचक त्यातून वगळलेल्या आहेत असं समजायचं कारण नाही. घरात खायला नाही म्हणून रक्त कमी असलेल्या बायका आहेतच, पण खायला असूनही कमी असलेल्या कितीतरी आहेत. सहाला एक चहा, सगळे बाहेर पडले की साडेआठला दुसरा चहा, आणि अकराला कालची पोळी. बाकीच्यांसाठी जी न्याहारी केली ती "उरली तर खाईन". मी अर्धवेळ शिकवायला जाते, तिथे सकाळच्या वर्गात मुलींना विचारलं की किती जणी काही खाऊन आल्या, तर हात थोडेच वर होतात. "आई पण नाही खात सकाळी," असं एकीने अगदी सहज सांगितलं. मुली बघून शिकतात.

कडधान्यातलं लोह अंगी लागायला तसं अवघड. मोड आल्याने ते जरा मोकळं होतं, आणि लिंबातल्या क जीवनसत्त्वाने पुष्कळ सोपं होतं. म्हणून वरची लिंबाची फोड शोभेची समजू नका. उलट चहा. चहातली द्रव्यं लोहाला धरून बसतात आणि ते शौचावाटे निघून जातं. उसळ-पाव आणि वर गरम चहा ही जोडी जिभेला कितीही आवडो, दोघांत तासाभराचं अंतर ठेवा. आधी न्याहारी, चहा नंतर सावकाश, घर रिकामं झाल्यावर. ज्यांना रक्तक्षय ठरलेला आहे त्यांनी उसळीवर भिस्त ठेवून डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. तेवढं काम उसळीकडून होत नाही. आणि गोळीसुद्धा चहाबरोबर घेऊ नये.

माझं मागणं एवढंच आहे. उसळ तयार झाली की पहिली वाटी आपली काढून ठेवायची. शेवटची नव्हे, पहिली. "मग पुरली नाही तर?" हा प्रश्न लगेच येणार, तो मला ठाऊक आहे. एका वाटीऐवजी सव्वा वाटी मटकी भिजवा. चार आण्यांच्या मापाने पाहिलं तर हा काही घर बुडवणारा खर्च नाही. पातेल्याच्या तळाशी राहिलेला रस्सा पावाच्या तुकड्याने पुसून खाणं, याला न्याहारी म्हणत नाहीत. घरात कुणी हसलं तर हसू द्यावं. दोनतीन आठवड्यांत त्यांना सवय होते, आणि एखाद्या दिवशी तुम्ही विसरलात तर तेच विचारतात, "तुझी वाटी कुठाय?"

उरलेल्या उसळीचं काय, हेही एकीने विचारलं होतं. सकाळची उसळ उन्हाळ्यात दुपारपर्यंतसुद्धा बाहेर ठेवू नये, लवकर फसफसते. फ्रीजमध्ये ठेवलेली संध्याकाळी चेपून भाजणीत मिसळावी, थोडा कांदा, तीळ आणि कोथिंबीर घालून थालीपिठं लावावीत; मीठ-तिखट आधीच असल्यामुळे वरून हात राखून घालावं. किंवा घट्ट आटवून, उकडलेला बटाटा आणि थोडे पोहे घालून चपट्या टिकिया तव्यावर भाजाव्यात.

पावसाळ्यात पुरचुंडीला आंबूस, कुबट वास येतो, तो बहुतेक वेळा मटकीचा नसून फडक्याचा असतो. मोड काढल्यावर फडकं नुसतं विसळून दोरीवर टाकलं की त्या दमट हवेत ते दोन दिवस वाळत नाही. ते उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून, पिळून, ऊन असेल तर उन्हात आणि नसेल तर इस्त्री फिरवून कोरडं करावं. साबण लावू नये, वास मटकीला लागतो. पावसात मटकीही दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, पुरचुंडी सोडून पाण्यातून काढून पुन्हा बांधावी. एवढं करूनही दाणे हाताला बुळबुळीत लागले तर ती मटकी टाकून द्यावी, धुऊन शिजवायच्या भानगडीत पडू नये. त्या दिवशी पोहे करावेत.